दरडीवरचा खांब

आमच्या जमिनीपर्यंत वीज आणायची तर एक खांब शेजाऱ्याच्या दरडीवर रोवावा लागणार होता, आणि शेजारी काही हो म्हणेना. एवढीच गोष्ट. पण तिने माझं डोकं किती खाल्लं म्हणून सांगू!

शेजारी म्हणजे गवंडीकाका. जन्मभर लोकांची घरं बांधली, आता स्वतःच्या दोन खोल्यांत एकटेच राहतात. पहिल्यांदा मी विचारायला गेले तेव्हा ‘बघू’ म्हणाले. पुन्हा गेले तर ‘आत्ता नको’. मग मी वायरमनलाच सोबत नेलं. त्याने सगळीकडे फिरून सांगितलं, एका अंगाला ओढा, दुसऱ्या अंगाला कातळ, तेव्हा खांब बसला तर दरडीवरच बसेल. आणि या आठवड्यात हो-नाही कळलं नाही तर त्याची माणसं दुसऱ्या कामावर जाणार, ती एकदम पाऊस संपल्यावर परत येणार.

मला दिव्यासाठी वीज नको होती. कंदिलावर माझं भागतं, आणि मी कपडे शिवते ती मशीनही पायाची आहे. वीज हवी होती माझ्या धाकट्या बहिणीसाठी. धाकटी मातीची भांडी घडवते. म्हणजे घडवायची. गुडघ्याने दगा दिला, ऑपरेशन झालं, पाय धड वाकेना, आणि पायाने फिरवायचं चाक सुटलं. विजेवरचं नवं चाक आणून ठेवलंय, ते शेडमध्ये चादर पांघरून बसलंय. आणि ही दिवसभर खिडकीत. लहानपणापासून जिच्या तोंडाला कुलूप नव्हतं, ती पोर ‘हं’ आणि ‘नको’ एवढ्यावर दिवस काढायला लागली होती. माझ्या जिवाला नुसता घोर लागला होता.

हे सगळं मी काकांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे वीज तिला हवीय. मग तिला पाठव. काम तिचं, तर विचारायला तिने यावं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “अहो काका, तिला चालवत नाही!”

“सावकाश येऊ दे. मी कुठे पळून चाललोय?”

घरी येऊन मी भांडी आपटली. धाकटीने नुसतं ‘हं?’ केलं. म्हातारा काय म्हणाला ते मी सांगितलं, वर स्वतःची चार विशेषणं लावली. ती खिडकीतून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, “बरोबर आहे की त्यांचं. चल, काठी दे.” कित्येक दिवसांत तिच्या तोंडून निघालेली ही पहिली पूर्ण वाक्यं. मी मुकाट्याने काठी दिली.

दोन वावरं ओलांडायला आम्हाला अख्खी दुपार लागली. काका दरडीच्या पायथ्याशी उभे होते. “बोलू नका,” ते म्हणाले, “आणि इथून वर बघा.”

मी आजवर ती दरड वरूनच बघितली होती. वरून ती नुसती उघडी जमीन, गवतसुद्धा नाही. खालून बघितली तर अख्खी मातीची भिंत भोकांनी भरलेली! भोकाशेजारी भोक, माझी मूठ जाईल एवढं. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, त्या भिंतीतून पाखरंच पाखरं बाहेर पडली. हिरवीगार, डोळ्यावर काळी रेघ ओढलेली. वळली की पंखाखालचा तांब्याचा रंग उन्हात पेटायचा. आमच्या डोक्यावर आभाळ उरलं नाही. एक गिरकी घेऊन ती परत फिरली आणि जिथली तिथे, आपापल्या भोकात शिरली. एकही चुकलं नाही. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

“चोचीने उकरतात,” काका हळूच म्हणाले, “पायांनी माती मागे उडवतात. आत हातभर बोगदा आणि शेवटी एक खोली. ना थापी, ना ओळंबा. एवढी घरं बांधली मी, पण इथे आलो की माझे हात आपोआप जोडले जातात.”

धाकटी काठी टेकत पुढे गेली. भोकांखाली उकरलेल्या मातीचा ढीग पडला होता. ती पाय लांब करून खालीच बसली, चिमूटभर माती बोटांत चोळत राहिली. “वर खड्डा घेतला तर?”

“खालचं सगळं बसेल. आत्ता आत पिल्लं आहेत.” काका तिच्या शेजारी टेकले. “माझी ना नाही, पोरी. पण हो मी म्हणणार नाही. तू बघितलंस. तू म्हणालीस तर उद्या खणू देत.”

मी काकांच्या मागून तिच्याकडे बघत डोळे वटारले, हातवारे केले. हो म्हण, बये, हो म्हण!

“उडून जाऊ देत,” धाकटी म्हणाली. “मग खणू.”

“अगं, आणि तुझं चाक? पाऊस संपेपर्यंत काय करणारेस?”

“जुनं आहे ना. तू फिरव. मशीनवर पाय चालतोच तुझा.”

“मी? मला काय घाण्याला जुंपतेस?”

जुंपलंच. दुसऱ्या दिवशी मी स्टूल ओढून बसले आणि रागारागात असा पाय मारला की चाकावरचा मातीचा गोळा सुटून भिंतीवर जाऊन चिकटला. धाकटी हसली. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. “ताई, जरा हळू! माती उडेल.” मी पदराने नाक पुसलं आणि हळू फिरवायला लागले.

तिने गोळ्यात दोन्ही अंगठे उतरवले. बोटं आतून-बाहेरून लागली आणि मातीची भिंत चढायला लागली, जणू आत कुणी श्वास घेत होतं. अहो, मी जन्मभर हिच्या माठातलं पाणी प्यायलेय, पण माठ होताना असा समोर बसून कधी बघितलाच नव्हता. माझा पाय थांबेल की काय अशी मला भीती वाटली. त्या पाखरांखाली आला होता तोच काटा पुन्हा अंगावर आला.

मग रोजचंच झालं. मी पाय मारायची, ती घडवायची आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. शेड भांड्यांनी भरली.

पाऊस सरला तसे एका सकाळी काका दारात आले, गुडघ्यापर्यंत मातीने माखलेले. “सगळी गेली पाखरं. खड्डा मी हातानेच घेतलाय, जमतील तेवढी भोकं सांभाळून. पुढच्या वर्षी परत यायचीत ती.” वायरमन आला, खांब उभा राहिला, तार ओढली गेली.

धाकटीने नव्या चाकावरची चादर काढली. काका आणि मी दाराशी उभे. तिने गोळा ठेवला, बटण दाबलं. चाक गुणगुणत, एकसारखं फिरायला लागलं. तिचे अंगठे मातीत उतरले आणि मी श्वास रोखला.

काकांनी मला कोपराने ढोसलं आणि खाली बोट दाखवलं. माझा उजवा पाय जमिनीवर आपला पडत होता, उठत होता, पडत होता.

धाकटीने मान वर केली नाही. “ताई,” ती म्हणाली, “जरा हळू. माती उडेल.”