मागच्या चित्रातली दोरी

संयोगितानं चुंबकावर बोट टेकवलं, मग खड्ड्यात पडलेल्या रोबोटवर. टॅबमधून ठुक् असा आवाज आला आणि रोबोटनं नकारार्थी मान हलवली. चहाची किटली लावून झाली होती, झाडू झाला होता, आता चुंबकही झाला. रोबोट काही वर यायला तयार नव्हता.

"बघा, हेही चालत नाही," ती नवऱ्याला म्हणाली.

धैर्यशील उशांना टेकून बसला होता, टॅब त्याच्या मांडीवर. त्यानं मान डोलवली. पण त्या डोलण्याला काही अर्थ नव्हता. "तुमचं नाव हंबीरराव का?" असं विचारलं तरी तो अशीच मान डोलवायचा. संयोगितानं तेही विचारून पाहिलं होतं, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून रडली होती.

दोन महिन्यांपूर्वी दुकानात, पंपांच्या खोक्यांमध्ये उभा असतानाच त्याला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ज्याच्या हाका राजारामपुरीच्या दुसऱ्या गल्लीत ऐकू जायच्या तो माणूस असा गप्प झाला. वाचेचं एक वेळ राहू दे. पण त्याला कळतंय का, एवढंच कुणी सांगत नव्हतं. वाचा-उपचाराच्या बाई म्हणाल्या, चित्रांचं काहीतरी द्या आणि लक्ष ठेवा. लेक राजनंदिनी पुण्याहून येऊन हा खेळ टॅबवर घालून गेली. एक चिमुकली अंतराळवीर ग्रहाग्रहांवर उतरते, आणि दिसेल त्या वस्तूला बोट लावून आपण तिची वाट मोकळी करायची. सगळी चित्रं कुणीतरी हातानं काढून रंगवलेली, आणि अख्ख्या खेळात एक शब्द नाही. उद्या त्या बाई येणार होत्या. काही दिसलं का, असं विचारणार होत्या, आणि सांगण्यासारखं संयोगिताजवळ काहीच नव्हतं. सकाळपासून तिचा जीव टांगणीला लागला होता.

पलंगाशेजारी खाली आक्का मेथी निवडत बसल्या होत्या. धैर्यशीलच्या थोरल्या बहीण. हुपरीहून आल्या त्या राहिल्याच.

"असल्या खेळानं वाचा येणार हाय व्हय त्येची?" आक्का म्हणाल्या. "त्येला काय कळतंय? पोरगं मांडीवर ठिवल्यासारखं ठिवलंयस ते डबडं."

"बाई म्हणाल्यात, आक्का."

"म्हणतील की. त्यास्नी काय जातंय म्हणाय."

धैर्यशीलचा डावा हात उचलला गेला. बोट थरथरत पडद्याच्या डाव्या कडेला जाऊन थांबलं. तिथं नुसतं काळं आभाळ होतं आणि एक चांदणी. त्याच्या बोटाला नेम नव्हता, म्हणून दाबायचं काम संयोगिताचं. तिनं चांदणी दाबली. काही झालं नाही.

बोट पुन्हा तिथंच.

"अहो, तिथं काही नाही हो. इकडं बघा, रोबोट इकडं आहे."

पुन्हा तिथंच. यावेळी तिनं जरा वैतागूनच, अगदी कडेला बोट दाबलं, आणि चित्र सरकलं. ते मागच्या ग्रहावर आले.

"गेलो का मागं! आता परत सगळं..."

पण धैर्यशीलचं बोट हललं नव्हतं. डावी कडच. ती त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्याच्या कपाळाची शीर फुगली होती, दुकानात एखादी मोटार खोलताना फुगायची तशी. तिनं पुन्हा कड दाबली. आणखी मागचं चित्र आलं. दोन खांबांमध्ये दोरी बांधलेली, आणि तिच्यावर त्या चिमुकल्या अंतराळवीरचे मोजे वाळत घातलेले.

बोट दोरीवर गेलं. तिथंच टेकून राहिलं.

संयोगितानं दोरी दाबली. मोजे खाली पडले, दोरीचं वेटोळं होऊन अंतराळवीरच्या पिशवीत गेलं. ती दोन ग्रह पुढे आली आणि दोरी खड्ड्यात सोडली. रोबोट झुलत झुलत वर आला.

"आक्का!" ती ओरडली. "आक्का, ह्यांना कळतंय! ही दोरी दिसली तेव्हा मी म्हटलं होतं, ही ध्यानात ठेवा, पुढं लागेल, मी विसरेन. मी विसरले की! ह्यांनी ठेवली ध्यानात!"

आक्कांच्या हातातली मेथी तशीच राहिली. त्या उठून भावाजवळ आल्या, त्याच्या तोंडावरून हात फिरवला, आणि एकदम दचकल्या.

"आगं बया! म्हंजे मी काल तुज्या दाढीला जळमटं म्हनलं, त्ये ऐकलंस व्हय रं? आनि तुज्या सासरच्यांस्नी काय काय बोलले त्ये बी?"

संयोगिता हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, आणि मध्येच थांबली.

ते दोरीचं चित्र परवाचं. ध्यानात ठेवा म्हणून तिनं सांगितलं आणि तेवढ्यात धाकट्या बहिणीचा, क्रांतीचा, सांगलीहून फोन आला. टॅब त्याच्या मांडीवर तसाच ठेवून, इथंच पलंगाच्या कडेला बसून ती बोलली होती. बाहेर जायचं कारणच नव्हतं. डॉक्टरांनी उगाच वाचवलं गं ह्यांना, ती म्हणाली होती. रोज सकाळी उठवायला जाते आणि मनात येतं, आज नाही उठले तर सुटतील. आणि मीही सुटेन.

"काय झालं गं?" आक्कांनी विचारलं. "चांगलंच झालं की. गप का झालीस?"

तेवढ्यात फोन वाजला. क्रांतीचाच. रोज याच सुमाराला ती शिकवायची ती शाळा सुटायची.

संयोगिता फोन घेऊन उठली, दाराबाहेर निघाली. उंबऱ्याशी तिचा पाय अडला. आता बाहेर जाऊन बोललं तर ती का गेली, तेही त्याला कळणार होतं. ती परत आली आणि पलंगाच्या कडेला बसली.

"ताई, दाजी कसं हायत?"

"त्यांना कळतंय, क्रांते. बोललेलं सगळं कळतंय."

"काय सांगतीस! अगं देवच पावला की! कधीपासनं गं?"

"परवा तरी कळत होतं."

क्रांती अगदी हळू म्हणाली, "परवा?"

"व्हय."

नवऱ्याकडे पाहायचं धाडस तिला होईना. ती चादरीची कड बोटांनी सारखी करत राहिली. आणि त्या चादरीवर तिला त्याचा डावा हात दिसला. टॅब बाजूला सारून त्यानं हात तिच्यापुढे पसरला होता, आणि नजर फोनवर होती.

"ह्यांना देते," म्हणून तिनं फोन दिला. त्याच्यानं तो एका हातानं वर उचलवेना, म्हणून तिनंच खालून हात लावून त्याच्या कानापर्यंत नेला. तो डोळे मिटून ऐकत होता. फोन त्यानं कानाशी घट्ट दाबून धरला होता, त्यामुळे परवाच्या त्या बोलण्यावर क्रांती त्याला काय सांगत होती, त्यातलं संयोगिताला काहीच ऐकू येत नव्हतं.