गुडघा आळशी नव्हता

मित्रांनो, मी एक जुना गुडघा आहे. हसताय ना? हसा. वेल्सच्या डोंगरात मेंढ्या वळणाऱ्या नेल नावाच्या कुत्रीचा मागचा डावा गुडघा म्हणून मी जन्म काढला. मेंढ्या नीट वळल्या की शाबासकी नेलला, आणि ती लंगडली की दोष मला, असा तिथला न्याय.

नेलचा मालक ग्विलिम तोंडात दोन बोटं घालून शीळ घालायचा. एक शीळ डावीकडून वळण्याची, एक उजवीकडून, आणि लांब शीळ म्हणजे हळू चल. शहाणे मेंढपाळ प्रत्येक कुत्र्याला वेगळी शीळ शिकवतात, म्हणजे एकाला हाक मारली की दुसरं धावत नाही. ग्विलिमच्या घरात मात्र आजोबांपासून सगळ्या कुत्र्यांना एकच. ती मला फार महागात पडली.

एका हिवाळ्यात दगडी कुंपणावरून उडी मारताना माझं आतलं लिगामेंट तुटलं. ते पुन्हा जुळत नाही, म्हणून डॉक्टरीण मेरेरिदने शस्त्रक्रिया करून मला बाहेरून जाड दोऱ्याने बांधून घेतलं. तिने ग्विलिमला आणि त्याच्या बायकोला, हेलेदला, बजावलं, "पळणं, उड्या बंद. रोज पाय हातात घेऊन हळूहळू वाकवा आणि सरळ करा. वाकेल तो लवकर, सरळ व्हायलाच नखरे करील. आणि आखडून राहिला, तर ही कायमची लंगडेल."

नखरे म्हणे! दुखतं, त्याला नखरे म्हणायचं.

हेलेद रोज नेलला शेगडीजवळ कुशीवर निजवून मला वाकवायची, ताणायची. तिचा हात हलका होता. मी जरा सैल पडू लागलो की अंगणातून शीळ यायची. ग्विलिम नेलच्या लेकीला, जेसला, तयार करत होता, अर्थात त्याच शिळेवर. नेल ताडकन उठून दाराकडे झेपावायची. मी पुन्हा सुजायचो, पुन्हा आखडायचो. आणि हा गृहस्थ चहा ढवळत म्हणायचा, "गुडघाच आळशी आहे." माझा तिळपापड व्हायचा, पण गुडघ्याचं ऐकतो कोण?

एके दिवशी शिळेसरशी नेलने हेलेदच्या हातातून पाय हिसकावून घेतला आणि ती कळवळली. हेलेद तरातरा दारात गेली.

"ग्विलिम, ती शीळ बंद कर. तुझं ऐकते म्हणून मरतेय ही."

"आजोबांची शीळ आहे ती. कुत्री बदलली, शीळ नाही बदलली."

"मग आजोबांनाच बोलाव गुडघा चोळायला."

ग्विलिम आत आला. त्याने माझी सूज चाचपली आणि नेलच्या डोक्यावर हात ठेवला. "मला वाटलं, दार लावलंय म्हणजे झालं," तो म्हणाला.

मग साठी उलटलेला तो माणूस जेससाठी नवी शीळ शिकू लागला. नुसती हवा निघायची. जेस मेंढ्या भलतीकडेच न्यायची, आणि शेजारी कुंपणावर रेलून विचारायचा, "काय रे ग्विलिम, किटली उकळतेय का?" मला मात्र ते ऐकून फार बरं वाटायचं.

घर शांत झालं तसा मी सैलावलो. वाकू लागलो पूर्ण. सरळ व्हायला थोडा कमी पडलो, तो पडलोच. त्या आधीच्या धावपळीची भरपाई झाली नाही. "चालेल छान, पण डोंगर आता नाही," मेरेरिद म्हणाली. नेल दाराशी कान टवकारून पडून राहायची. तिची शीळ आता कुणी घालत नव्हतं, आणि ते तिला माझ्याहून जास्त दुखत होतं.

वसंतात ग्विलिमने तिला पट्टा लावून फाटकापाशी नेलं. आत चार म्हाताऱ्या मेंढ्या होत्या. त्याने आजोबांची शीळ घातली, फक्त ती लांब, हळू चल म्हणणारी. नेल एकेक पाऊल टाकत निघाली, शेपूट खाली, नजर मेंढ्यांवर, अगदी पहिल्यासारखी. मी दुखलो थोडा, पण कुरकुरलो नाही. ती शीळ त्याने नंतर दुसऱ्या कुठल्याच कुत्र्याला शिकवली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी बरं होत असेल, तर औषध द्याच, पण त्याला उठवणारी हाक आधी थांबवा. तुमच्या हाकेला नाही म्हणणं त्याला जमत नसतं. आणि ग्विलिम भेटलाच, तर सांगा त्याला, गुडघा आळशी नव्हता.