तपासनिसाचा काढा

विद्युलताबाईंना कॅन्सर निघाला तेव्हा त्या रडल्या नाहीत. हातपाय गाळले ते त्यांच्या नवऱ्यानं, कृष्णकांतांनी. पण माणूस संरक्षण कारखान्यातला निवृत्त तपासनीस, किती दिवस गप्प बसणार? चेन्नईजवळच्या तांबरमच्या सायबर कॅफेत डोळे फोडून त्यांनी शोध लावला, की हळदीतलं अमुक आणि लसणातलं तमुक कॅन्सरला नडतं, आणि एकत्र घेतलं तर म्हणे जास्तच नडतं. प्रयोग उंदरांवरचे होते, पण तिकडे बघतो कोण!

झालं, स्वयंपाकघराचा कारखाना झाला. हळद, मिरी, लसूण, ग्रीन टी, जवस, कारलं, द्राक्षाच्या बिया. ब्रोकोलीसाठी बिचारे थेट शहरातलं नुंगंबाक्कम गाठायचे. प्रत्येक जिन्नस भिंगाखाली पास झाला, की मिक्सरमध्ये. त्यातून निघायचा हिरवापिवळा चिखल.

"प्यायचं हं, विद्या," म्हणत ते केविलवाण्या चेहऱ्यानं पेला पुढे करायचे.

डॉक्टर गुरुमूर्तींनी बजावलं होतं, "केमो चुकवायची नाही. आणि वजन आणखी उतरलं, तर पुढचा डोस लांबेल." वजन तर उतरतच होतं. शेजारच्या चित्रामामी डबा घेऊन आल्या, तर हे दारात आडवे! "बाहेरचं नको. प्रयोगात भेसळ होईल."

आणि एकदम वजन चढायला लागलं. कृष्णकांतांना आभाळ ठेंगणं झालं. त्याच सुमारास बाल्कनीतला कढीपत्ता वाळला, पण झाडाकडे बघायला त्यांना सवड कुठली?

पुढच्या तपासणीला त्यांनी काढ्याची बाटलीच डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली. "यानंच वजन वाढलं!"

डॉक्टरांनी बूच काढलं, वास घेतला, पटकन लावलं. "तुम्ही चाखलंय?"

नव्हतं चाखलं! सुटे भाग तपासले, जुळलेली गाडी कधी चालवलीच नव्हती. आता अब्रूचा प्रश्न. त्यांनी गटकन घोट घेतला. कानांतून वाफा निघाल्या, आणि नर्स बादली घेऊन धावली.

"विद्या, तू हे रोज प्यायचीस?" त्यांनी तोंड पुसत विचारलं.

"पहिला आठवडा. मग कढीपत्त्याला घातलं. तुम्ही दुपारी घोरायला लागलात, की मामी बाल्कनीतून रसमभात देतात."

"आठवडाभर तरी का प्यायलीस गं?"

"तुमचा चेहरा बघवत नव्हता. आजारी मी, आणि मरायला टेकलेले तुम्ही."

डॉक्टरांनी उगाचच चष्मा पुसला. "डोस उद्याच देऊ," ते म्हणाले.

संध्याकाळी कृष्णकांत रिकामं पातेलं घेऊन मामींच्या दारात. "मामी, रसमात घालता तरी काय?"

"चिंच, टोमॅटो, मिरी, जिरं, लसूण, हळद. का हो?"

कृष्णकांतांनी कपाळावर हात मारला. अर्धा प्रयोग शेजारी रोज उकळत होता, आणि आपण त्याला दारातून हाकललं!

पातेलं भरून घरी आणलं. आधी स्वतः वाटीभर प्यायले, मग विद्युलताबाईंच्या भातावर ओतलं.

"पास?" विद्युलताबाईंनी विचारलं.

कृष्णकांतांनी मान डोलावली आणि बायकोच्या ताटात आणखी भात वाढला.