आधी फोन कर

त्या वसाहतीत शेजारणीकडे जायचं तर आधी फोन करायचा, असा नियम होता. कुंपण ओलांडलं की दार, तरी फोन. ह्यूस्टनजवळच्या त्या दमट उकाड्यात घरोघरचे नवरे अंतराळात जायची तयारी करत होते, आणि तयारी म्हणजे उठसूट जेट विमानं उडवायची. नवरा हवेत असताना दारात कुणी न कळवता उभं राहिलं, तर त्याचा अर्थ एकच. म्हणून फोनवर पहिलं वाक्य ठरलेलं, "काही झालेलं नाही गं." मग साखर मागा, नाहीतर सासूला नावं ठेवा.

मासिकवाले फोटो काढायला आले की सगळ्या जणी लिपस्टिक लावून हसायच्या. भीती वाटते का, असं विचारलं की नाही म्हणायचं. खरं काय ते एकमेकींच्या स्वयंपाकघरातच बोललं जायचं.

मार्लिस आणि लोर्ना यांची परसं तर लागूनच होती. मार्लिस मिनेसोटाकडची, अबोल. लोर्ना इथलीच, टेक्सासची, तोंडाचा पट्टा अखंड चालू. एकीला ताप आला की दुसरीकडे दोन्ही घरांची पोरं जेवायची.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी सकाळी मार्लिसचा नवरा कार्ल याचा फोन आला. आवाज पार बसलेला. लोर्नाचा नवरा डेल याचं विमान उतरताना कोसळलं होतं.

"तू तिच्याजवळ जाऊन बस. रेडिओ लावू देऊ नकोस, फोन घेऊ देऊ नकोस. पण तू काही सांगू नकोस. आमच्यातल्याच कुणीतरी समोर जाऊन सांगायचं, अशी रीत आहे. मी निघालोय."

"कार्ल, मला दारात बघूनच ती ओळखेल."

"मग हातात काहीतरी घेऊन जा ना!"

ओट्यावर संध्याकाळसाठी केलेल्या ट्यूना-नूडल्सचं काचेचं भांडं होतं. बुडाला चिकटपट्टी, तिच्यावर मार्लिसचं नाव. तिथल्या सगळ्याच बायका भांड्यांवर नावं लावत. मयताच्या घरी सगळ्या जणी जेवण करून नेत, तेव्हा इतकी भांडी जमायची, की कुठलं कुणाचं ते कळत नसे. मार्लिसने तेच उचललं आणि मागच्या दाराने गेली.

लोर्ना केसांत रोलर्स लावून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"फोन नाही केलास?"

"केला होता. लागेना."

"मेलं ते डबडं! कालपण असंच." लोर्ना खुर्चीत कोसळून हसायला लागली. "जीव घेतलास की गं माझा!"

तिचा विश्वास बसला, कारण तिला विश्वास ठेवायचाच होता. ती वाळलेले कपडे आणायला परसात गेली, तेवढ्यात मार्लिसने फोनचा रिसीव्हर हळूच काढून ठेवला. मग चाळीस मिनिटं लोर्ना बोलत राहिली. शनिवारी डेलचा वाढदिवस, त्याला केक नको, पेकानच्या दाण्यांची गोड पेस्ट्री हवी. आणि घोरतो कसा, तर असा. तिने नाक फुगवून हुबेहूब नक्कल केली, आणि मार्लिस हसली. देवाशप्पथ, तिला खरंच हसू आलं.

मग पुढच्या दाराची घंटा वाजली. गडद सूट घातलेल्या कार्लकडे लोर्नाने पाहिलंही नाही. तिने आधी खाली काढून ठेवलेला रिसीव्हर पाहिला, मग मार्लिसकडे पाहिलं.

"तो गेलेला होता," ती म्हणाली, "आणि तू माझ्याबरोबर हसलीस."

दफनविधी झाला. भांडी ज्याच्या त्याच्या घरी परत गेली, एक मार्लिसचं सोडून. मार्लिसने फोन केला की लोर्ना आवाज ऐकून ठेवून द्यायची. हळूहळू बाकीच्याही लोर्नाला टाळू लागल्या. त्या दुष्ट नव्हत्या, पण तिच्या तोंडाकडे बघितलं की प्रत्येकीला आपलं उद्याचं घर दिसे. फक्त मार्लिस रोज सिंकपाशी उभी राहून पलीकडच्या दाराकडे बघत राही. मला माफी मागता यावी म्हणून तरी एकदा तोंड दाखव, एवढंच तिचं मागणं होतं. ते दार कधी उघडलं नाही.

मार्च महिन्यात लोर्नाच्या घरापुढे सामानाचा ट्रक लागला. ती पोरांना घेऊन आईकडे अ‍ॅबिलीनला चालली होती. कार्ल त्या दिवशी विमानात होता, दुपारी दोनला उतरायचा होता.

अकराच्या सुमाराला ते दार उघडलं. लोर्ना हातात काचेचं भांडं घेऊन परसातून निघाली. कुंपणाशी येऊन लोर्ना थबकली. वरून एक विमान घरघरत गेलं. तिने मान वर करून पाहिलं, हातातल्या भांड्याकडे पाहिलं आणि वळून सरळ घरात गेली.

मार्लिसला वाटलं, संपलं. इथवर येऊनसुद्धा लोर्नाचा पाय पुढे पडला नाही. मार्लिस ओट्याला टेकून रडायला लागली.

तेवढ्यात फोन वाजला.

"मार्लिस, काही झालेलं नाही गं."

पाच महिन्यांनी ऐकलेला तो आवाज.

"तुझं भांडं राहिलंय माझ्याकडे. घेऊन येते. आणि चहा टाक. कार्ल उतरेपर्यंत बसते तुझ्याजवळ. ट्रकवाला थांबेल."