कलेजीतला फोड

डॉक्टरीणबाईंनी स्क्रीन माझ्याकडे वळवला आणि त्या काही बोलायच्या आत मला कळलं. बायकोच्या लिव्हरमध्ये गोल, काळा डाग होता, कडेला पांढरी रेघ. वीस वर्षं मी मेंढ्या कापतोय. कलेजीतला असला पाण्याचा फोड अंधारातही हाताने ओळखीन. आधीच्या डॉक्टरने हिला वर्षभर ॲसिडिटीच्या गोळ्या चारल्या होत्या. त्याला चार दिवस माझ्या दुकानात उभं करायला हवं होतं.

"कॅन्सर नाही," बाई म्हणाल्या. "ही जंताची गाठ आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी पडतात, केसांना चिकटतात, तिथून आपल्या हाताला आणि हातातून पोटात. एवढी वाढायला आठ-दहा वर्षं लागतात. घरी कुत्रा आहे?"

"आहे," बायको म्हणाली.

"त्याला कच्ची कलेजी वगैरे घालता? कुत्र्याला हा जंत तिथूनच होतो."

"छे," मी म्हणालो. "खराब माल आम्ही पुरून टाकतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं नाही. पर्सची चेन तिने उघडली आणि परत लावली. फोडाची कलेजी गिऱ्हाईक घेत नाही, म्हणून मी ती दुकानाच्या मागच्या दारात आमच्याच कुत्र्यापुढे टाकायचो. वडीलही तेच करायचे. ती तिथेच बादल्या धूत असायची, तिने हजारदा बघितलं होतं. परवाना जाईल म्हणून खोटं बोललो, अशी मी मनाची समजूत घातली. खरं म्हणजे मला लाज वाटली.

ऑपरेशनआधी महिनाभर गोळ्या होत्या. तो महिना आईने सुनेलाच धारेवर धरलं. "सारखी त्या कुत्र्याला कुरवाळत बसते, आणि तेच हात पिठात. तरी मी सांगत होते!" येणाऱ्या-जाणाऱ्यासमोरही हेच. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर समोर बसून मुकाट जेवत होता. एकदाच बायको म्हणाली, "चुकलंच माझं, आई." तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटलं नाही. दात काढायला सुई दिल्यावर गाल बधिर होतो ना, तसा मी आतून झालो होतो.

सही घेताना बाईंनी समजावलं. फोड पोटात फुटला तर त्या पाण्यानेच ती ऑपरेशनच्या टेबलावर दगावू शकते. वाचली तरी सांडलेल्या पाण्यातून पोटभर नवे फोड होतात. म्हणून भोवती खारट पाण्यात भिजवलेले कपडे लावायचे, आधी सुईने पाणी ओढायचं, आतले जंत मारायचे आणि मगच गाठ उघडायची. मी मान हलवली. दुकानात फोड फुटला की मी हात एप्रनला पुसतो.

साडेतीन तास बाकावर बसलो. एक केळं खाल्लं. साल हातातच राहिली.

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात स्टीलचं भांडं होतं. आत पांढरं, थुलथुलीत कातडं आणि द्राक्षांएवढे बारके फोड.

"थेंबभरही सांडलं नाही," त्या म्हणाल्या. "ती ठीक आहे."

"मीच घालत होतो," मी म्हणालो. "कलेजी."

"पहिल्या दिवशी विचारलं होतं मी."

"हो."

"बंद कधी केलंत?"

"परवापर्यंत घातली. हात आपोआप जातो."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "उद्या तुमची आणि तुमच्या आईची सोनोग्राफी. कुत्र्याला जंताचं औषध द्या," एवढंच म्हणाल्या आणि भांडं घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी बायको बोलण्याइतकी शुद्धीवर होती. पोटातून एक नळी बाहेर काढलेली होती.

"डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं मी," मी म्हणालो.

"आणि आईंना?"

मी तिच्या अंगावरची चादर सारखी केली.

"मग सांगितलंत कोणाला?" ती म्हणाली आणि छताकडे बघत राहिली.

तेवढ्यात आई आली. खाटेजवळ स्टूल ओढून बसली आणि सुरूच झाली. "माझी कसली सोनोग्राफी? मी त्या कुत्र्याला शिवतसुद्धा नाही. हिचे लाड, हिनेच निस्तरावेत."

मी तिच्यामागे, उजव्या अंगाला उभा होतो. "आई, हिच्यामुळे नाही झालं," मी म्हणालो. "कुत्र्याला खराब कलेजी मीच घालत होतो. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा खोटं बोललो."

"काय पुटपुटतोयस?"

आईला उजव्या कानाने ऐकू येत नाही. मी नेमका त्याच बाजूला उभा होतो, आणि चुकून नाही.

बायकोने मान वळवली. तिला बोलायला त्रास होत होता.

"इकडून सांगा," ती म्हणाली. "या बाजूने ऐकू येतं त्यांना. इतकी वर्षं माहीत आहे तुम्हाला."

मी स्टुलाला वळसा घालून आईच्या डाव्या कानाशी गेलो. शेजारच्या खाटेवरच्यांनी बोलणं थांबवलं होतं. मग मी सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्याने.