बरणीतलं तूप

"जिवंत आहोत तोवर डुक्कर खाऊ गं. पण पूर्वजांच्या ताटाला त्याचा वासही लागता कामा नये."

सासूबाईंचे हे शब्द शिऊयिनने लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकले होते. सासूबाई जाऊनही युगं लोटली. तरी श्राद्धाच्या सकाळी कढई राखेने घासताना तो आवाज कानाशी येऊन बसायचा.

देव्हाऱ्यात लाल फडक्यात बांधलेली अरबी पोथी होती. घरात ती कुणालाच वाचता येत नसे. पोथीशेजारी ग्वानयिन देवी, दर्यावर लेकरांची राखण करणारी. गलबतातून आलेले, डुकराला न शिवणारे अरब पूर्वज आणि देवी, दोघांना उदबत्ती एकच.

उदबत्ती निम्मी जळली, तेव्हा शिऊयिनच्या धाकट्या जावेने, च्याव्युनने, नैवेद्याची पोळी नाकाशी नेली आणि शिऊयिनच्या सुनेकडे, लीपिंगकडे पाहिलं.

"कशात तळल्यास?"

तेल संपलं होतं, म्हणून बरणीतलं पांढरं तूप घातलं, असं लीपिंग म्हणाली. ते तूप म्हणजे डुकराची चरबी. डोंगरातली पोर, तिच्या माहेरी सगळं डुकराच्या चरबीतच तळत.

"छान. आणि तुझा नवरा आज भरतीबरोबर होडी घेऊन निघालाय," च्याव्युन म्हणाली. "आता बघ, पूर्वज काय देतात ते."

लीपिंगने आत जाऊन कपड्यांचं गाठोडं बांधलं. शिऊयिन मागोमाग गेली, तर पोर म्हणाली, जिनहाई परत येईपर्यंत मी या घरात नको. माझ्या पायगुणाने त्यांना काही झालं तर मी कुठे तोंड दाखवू?

गल्लीतल्या बायका श्राद्धाचं ताट बरोबर लागलं का, हे शिऊयिनलाच विचारायला येत. च्याव्युन दारात उभी होती, कान टवकारून. शिऊयिनने आडोशाने नव्हे, तिच्यादेखत गाठोड्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना.

"बस पोरी. च्याव्युन, तूही ऐक. लग्नानंतरच्या पहिल्या श्राद्धाला मीही पोळ्या चरबीतच तळल्या होत्या. कळून सवरून. तेल सांडलं होतं आणि सासूबाईंची भीती वाटत होती. अख्खं वर्ष मी धास्तीने दर्याकडे बघत काढलं. होड्या भरून आल्या, आणि जिनहाई झाला."

च्याव्युनच्या हातातली पोळी तशीच राहिली.

"आणि सासूबाई?" लीपिंगने हळूच विचारलं.

"दोन खाल्ल्या. म्हणाल्या, यंदा खुसखुशीत झाल्यात."