रेघेवरचं टेंगूळ

नत्थूजी धकाते म्हणजे पाणी मोजणारा माणूस. सात वर्षं झाली, महिन्याच्या एक तारखेले काटोल, दोनले रामटेक, तीनले हुडकेश्वर, दर ठिकाणी एक विहीर. थैलीत एक टेप, टेपच्या टोकाले शिशाचं वजन, अन् खडूचे तुकडे. टेपले खडू फासायचा, विहिरीत सोडायचा, वर ओढायचा. जिथपर्यंत खडू भिजला तिथपर्यंत पाणी. काठापासून पाणी किती खोल, तो आकडा वहीत लिहायचा. शाळा चौथीपर्यंतच झाली होती त्याची, पण वही पाहा! आकडा खोडला असंल तं बाजूले तो काहून खोडला ते बी लिहिलेलं.

ज्या संस्थेसाठी तो मोजे, तिचं हापिस धंतोलीत दुसऱ्या माळ्यावर होतं. विहिरीच्या पाण्याचा अभ्यास करणारी संस्था. बुधवारी नत्थूजी वही द्यायले गेला, तं तिथल्या सुमंत साहेबानं आत बोलावलं.

"नत्थूजी, बसा."

नत्थूजी खुर्चीच्या टोकावर टेकला. सात वर्षांत साहेब त्याच्याशी उभ्या उभ्याच बोलले होते, अन् चांगलंच बोलले होते. बसा म्हणजे काहीतरी बिनसलं.

"तुमचे आकडे सांगतात, रामटेकची विहीर जानेवारीपासून झपाझप खाली जाते," साहेब म्हणाले. "तिथे जानेवारीत कोण एवढं पाणी उपसतं? आणि हुडकेश्वरला पाणी म्हणे दोन-तीन मीटरवर! अहो, तिथे लोक टँकर मागवतात. खरं सांगा, दर महिन्याला जाता ना तुम्ही?"

"जातो ना साहेब."

"की कधी घरी बसून लिहिता?"

नत्थूजीचे कान तापले. एका मे महिन्यात काटोलच्या बसमध्ये त्याले चक्कर आली होती, तरी उतरून लिंबूपाणी पिऊन विहिरीवर गेला होता तो. पण साहेबाले ते काय सांगायचं? साहेबानं एक कागद त्याच्यापुढं सरकवला.

"शुक्रवारी अहवाल जातो. तोवर याचा उलगडा झाला नाही, तर तुमची तिन्ही ठिकाणं मी वगळणार. सगळी सात वर्षं."

कागद झेरॉक्सचा होता. त्यावर तीन वाकड्यातिकड्या रेघा अन् कोपऱ्यात एक चौकट. चौकटीत तीन बारक्या रेघा, एकेकीसमोर नाव: काटोल, रामटेक, हुडकेश्वर. पण रेघा सगळ्या राखेच्या रंगाच्या. सख्ख्या तीन भावांनी एकाच ताग्याचे शर्ट शिवलेले. कोणता कोण, त्यायच्या मायनंच सांगावं.

नत्थूजी कागद घेऊन बाहेर प्रियदर्शनीच्या टेबलाशी आला. ही पोरगी उमरेडची, पाच महिने झाले होते हापिसात लागून. आकडे घेऊन कम्प्यूटरवर रेघा काढणं हे तिचं काम. साहेबासमोर नत्थूजी तिले मॅडम म्हणे, अन् साहेब नसला की बेटा.

"काय झालं नत्थूजी? तोंड काहून उतरलं?"

"बेटा, साहेब म्हणते मी घरी बसून विहिरी मोजतो."

"असं म्हणाले?" ती उठूनच उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "पण नत्थूजी, रेघा खरंच विचित्र येऊन राहिल्या. मी दोनदा काढून पाह्यल्या. आकडे तुमच्या वहीतलेच आहेत, मी एकेक टाकला."

"म्हणजे तुले बी वाटते?"

"मले नाही वाटत. पण कम्प्यूटर..."

"कम्प्यूटर गेला होता का रामटेकले?"

नत्थूजीले लगेच वाईट वाटलं. पोरीवर कायले चिडायचं? त्यानं स्टूल ओढलं.

"मले रंगातलं दाखव. ह्या झेरॉक्सात सारं एकच दिसते."

तिनं पडद्यावर चित्र आणलं. आता रेघा तीन रंगाच्या झाल्या: नारंगी, हिरवी, निळी. चौकटीत नारंगीसमोर काटोल, हिरवीसमोर रामटेक, निळीसमोर हुडकेश्वर. नत्थूजीनं चष्मा पुसला. चौकटीकडं पाह्यलंच नाही. हिरव्या रेघेवर बोट ठेवलं अन् चालत गेला, पायी चालल्यासारखा. दिवाळीपर्यंत वर. जानेवारीत घसरगुंडी. उन्हाळ्यात तळ. पावसाळ्यात पुन्हा वर. मधल्या एका वर्षी बोट थांबलं. सारी घसरगुंडी चालू असताना मार्चमध्ये रेघ मधेच वर उचलली होती. कपाळावर टेंगूळ यावं तशी.

"हे टेंगूळ मी ओळखतो," नत्थूजी म्हणाला.

"कायचं टेंगूळ?"

"गोपाळरावची मोटर जळली होती, त्याचं."

गोपाळराव म्हणजे काटोलचा संत्र्याचा बागवाला. त्याच्याच विहिरीवर नत्थूजी मोजे. जानेवारी लागला की बागेले पाणी सुरू, मोटर रात्रंदिवस चालते, अन् विहीर खाली खाली जाते.

"मोटर जळली, अन् वायंडिंगवाला साळीच्या लग्नाले भंडाऱ्याले जाऊन बसला. अकरा दिवस मोटर बंद! उपसाच नाही, तं पाणी वर येणार नाही? गोपाळराव माह्यावरच खेकसला. म्हणे, तू टेप सोडला म्हणून पाणी वर आलं, आता झाडायले सांग प्यायले. काढ ती वही, कपाटात असंल."

प्रियदर्शनीनं कपाटातून जुनी वही काढली, धूळ झटकली अन् पान उलटलं. नत्थूजीच्याच अक्षरात होतं: १ मार्च, काटोल, ७.४०, मोटर जळली, अकरा दिस उपसा नाही, गोपाळराव तापला.

आधीच्या महिन्याचा आकडा ९.१०.

"हे तं काटोल आहे," ती पुटपुटली. "पण चौकटीत हिरवी म्हणजे रामटेक लिहिलंय."

"मग चौकट खोटी बोलून राहिली."

तिनं पडद्यावर दुसरी खिडकी उघडली. तिथं नुसतं लिहिलेलं, ओळीखाली ओळ. एका ओळीपाशी थांबली अन् कपाळावर हात मारून घेतला.

"अरे बाप रे. नत्थूजी, मीच केलं हे."

"काय केलं?"

"नावं मी तुमच्या वहीच्या क्रमानं दिली. एक तारीख काटोल, दोन रामटेक, तीन हुडकेश्वर. पण या कम्प्यूटरच्या पोटात नावं ए-बी-सी-डीनं लागतात. पहिलं हुडकेश्वर, मग काटोल, मग रामटेक. मी वरून माझ्या क्रमानं पाट्या चिकटवल्या. हुडकेश्वरच्या घरावर काटोलची पाटी, काटोलच्या घरावर रामटेकची, अन् रामटेकच्या घरावर हुडकेश्वरची."

"म्हणजे ही निळी, वरच्या वर चालते, ती रामटेकची?"

"हो."

"मंग बरोबर हाय. धानाच्या बांध्यांत साचलेलं पाणी मुरते तिथं. ती विहीर कधी रुसतच नाही." नत्थूजीले एकदम मोकळं मोकळं वाटलं. अंगावरची ओली चादर कोणी काढून घ्यावी तसं.

पोरीचे मात्र डोळे भरले. "तुमच्यावर आळ आला अन् चूक माझी. साहेब मले काढतीन आता."

"काढत नाही. माह्या बापानं दोन हात लुगड्याले उलट्या रंगाचा काठ लावला होता, त्याले कोणी काढलं नाही."

"म्हणजे?"

नत्थूजी विणकराच्या घरचा. तांडापेठेत बापाचा हातमाग होता, सूत भरलेल्या कांड्या माय करून देई. "पहाटे उजेड कमी," नत्थूजी सांगू लागला. "गडद लाल अन् गडद जांभळा, दोन्ही काळेच दिसत. बापानं एक दिवस लालच्या जागी जांभळी कांडी घेतली. दोन हात विणून झालं अन् ऊन आलं. मग काय! अख्खी सकाळ उसवत बसला अन् मायले बोलत बसला. त्या दिवसापासून मायनं काय केलं, लालच्या टोकाले एक गाठ, जांभळ्याच्या टोकाले दोन. मग दिवा लागो न लागो, बोटाले कळे."

प्रियदर्शनी ऐकून राहिली होती. मग तिनं झेरॉक्सचा कागद ओढला अन् त्या तीन राखाडी रेघांकडं पाह्यलं.

"गाठी मारता येतात नत्थूजी."

"कशा?"

"रेघेची तऱ्हा बदलून. एक अखंड, एक तुटक, एक नुसते ठिपके. झेरॉक्स काढली तरी ओळखू येतीन. अन् रंग आता क्रमानं नाही देत. प्रत्येक नावालेच त्याचा रंग अन् त्याची तऱ्हा बांधून टाकते. मग ए-बी-सी-डी काही का लागंना. सांगा, कोणाले कोणती?"

नत्थूजीनं विचार केला. पोरगी विचारून राहिली म्हटल्यावर उगाच काही सांगायचं नव्हतं.

"रामटेक अखंड. तिथलं पाणी तुटत नाही. काटोल तुटक, मोटर चालते अन् बंद पडते."

"अन् हुडकेश्वर?"

"ठिपके. दर गल्लीत नवं घर, दर घराले नवी बोअर. जमिनीले भोकंच भोकं."

ती रडता रडता हसली. काटोलले नारंगी ठेवला, रामटेकले धानाचा हिरवा दिला, हुडकेश्वरले टँकरसारखा निळा. चौकटीतही तेच: अखंड हिरवी, तुटक नारंगी, निळे ठिपके. छापलं अन् मुद्दाम झेरॉक्स बी काढली. नत्थूजीनं कागद हातभर लांब धरून पाह्यला. तिन्ही भाऊ वेगळे.

"चल, साहेबाकडं," तो म्हणाला. "सांग, नावं इकडची तिकडं झाली होती. कोणी केली, असं विचारलं तं सांग. नाही विचारलं तं चहा पी."

पण ती आत गेली अन् उभ्या उभ्याच बोलली. "सर, चूक माझी होती. नत्थूजींची नाही." मग टेंगूळ दाखवलं, वहीचं पान दाखवलं, जुना कागद अन् नवा कागद शेजारी शेजारी ठेवला.

साहेबानं दोन्ही कागद बराच वेळ पाह्यले. पाट्या चुकलेल्या जुन्या कागदावर त्यायनं लाल पेननं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं, ते हातानं झाकलं.

"नत्थूजी, सकाळी मी बोललो ते..."

"ते जाऊ द्या साहेब. तिन्ही राहतीन ना अहवालात?"

"राहतील. सगळी सात वर्षं." साहेबानं टेंगळावर बोट ठेवलं. "या टेंगळाची गोष्ट काय आहे? ती खाली एका ओळीत लिहायला लागेल."

नत्थूजीनं सांगतलं. साळीच्या लग्नापाशी येता येता साहेब हसले. मग प्रियदर्शनीकडं वळले. "पुढच्या वेळी चित्र माझ्याआधी नत्थूजींना दाखवायचं."

"हो सर."

पुढच्या महिन्याच्या दोन तारखेले नत्थूजी रामटेकच्या विहिरीवर होता. खडू फासलेला टेप सोडला, ओढला. तीन मीटर वीस. वहीत लिहिलं. मग खिशातून चार घड्यांची झेरॉक्स काढली, विहिरीच्या कठड्यावर पसरली अन् उडू नये म्हणून शिशाचं वजन वर ठेवलं. अखंड रेघ जिथं संपली होती, तिच्या पुढं पेन्सिलीनं एक बारका ठिपका दिला. डोळा बारीक करून पाह्यलं. रेघेच्या सरळ पुढ्यातच पडला होता. कागद घडी करून खिशात घातला अन् बस पकडायले निघाला.